उघडी गाडी घेताना

जुन्या कन्व्हर्टिबलची जाहिरात नेटवर दिसते तेव्हा फोटो बहुतेक एकाच तऱ्हेचे असतात. संध्याकाळचं ऊन, नुकताच मारलेला लाल रंग, मागे दुमडून ठेवलेलं हूड आणि चकाकणारे बंपर. खाली लिहिलेलं असतं, 'कंडिशन एकदम टॉप, इंजिन नवीन केलंय'. ठिकाण पिंजौर. गिऱ्हाईक मात्र पुण्यात, नाशकात नाहीतर कोल्हापुरात, म्हणजे गाडीपासून दीड हजार किलोमीटरहून लांब. अशा वेळी काय पाहायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा, हे आधी ठरलेलं असेल तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात. या लेखातलं माझं मुख्य म्हणणं थोडक्यात सांगतो. नवखा माणूस रंग, सीटचं कातडं आणि इंजिनचा आवाज पाहतो. या तिन्ही गोष्टी पैसे टाकले की नीट होतात. उघड्या गाडीचा बांधा, तिचा चासी नंबर आणि कागद या तीन गोष्टी बिघडल्या असतील, तर त्या पैशानेही सहजी सुधारत नाहीत.

आधी ठिकाणाबद्दल. चंदीगडहून शिमल्याच्या वाटेवर कालक्याच्या अलीकडे पिंजौर लागतं. सतराव्या शतकात फिदाई खानाने इथे मुघल बाग उभारली. ती पुढे पटियाळा संस्थानाकडे गेली आणि आज महाराजा यादविंद्रसिंहांच्या नावाने ओळखली जाते. जाहिरातीत 'चंदीगड' लिहिलेलं असलं, तरी पिंजौर हरियाणाच्या पंचकुला जिल्ह्यात, कालका तालुक्यात येतं. ही बाब वरवर किरकोळ वाटते, पण कागदाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. या तासाभराच्या टापूत चंदीगडचं सीएच-01, पंचकुल्याचं एचआर-03, कालक्याचं एचआर-49 आणि मोहालीचं पीबी-65 अशा पाट्या एकाच रस्त्यावर धावतात. परवाणूपासून पुढे हिमाचल लागतो. गाडी उभी एका राज्यात, पासिंग दुसऱ्या राज्याचं आणि विकणारा राहायला तिसऱ्या राज्यात, असं इथे सहज घडतं. म्हणून पहिला प्रश्न 'किंमत किती' हा नको. 'आरसी कुठल्या ऑफिसची आणि कुणाच्या नावावर' हा हवा. हरियाणात खासगी गाड्यांची नोंदणी एसडीएम कार्यालयात होते. एचआर-49च्या गाडीसाठी कालक्याच्या कार्यालयाशी गाठ पडते.

आता फसवणुकीबद्दल. जवळच चंदीमंदिरला लष्कराच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आहे, त्यामुळे 'मी फौजी आहे, बदली झाली, गाडी घाईत विकतोय' ही गोष्ट इथे खरी वाटते. देशभर ऑनलाइन खरेदी-विक्रीत ठगांनी हाच वेष वर्षानुवर्षं वापरला आहे. ओळखपत्राचा फोटो पाठवतात, गाडी ट्रान्सपोर्टला लागल्याची पावती पाठवतात आणि एक क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतात. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, खात्यात कधीच येत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर लगेच फोन करावा. खरा विक्रेता ओळखण्याचा साधा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल. त्याला म्हणावं, गाडीच्या भोवती एक फेरी मारा, मग बॉनेट उघडा, मग डिकी उघडा. ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम आहे.

एवढं झालं की मुद्द्यावर यायचं. ही गाडी जन्मतःच उघडी आहे, की कुणी छत कापून उघडी केली आहे?

मोटारींचे बांधे ढोबळमानाने दोन तऱ्हेचे. पहिल्या तऱ्हेत खाली लोखंडी चासी असते आणि तिच्यावर बॉडी बोल्टने बसवलेली असते. विलिज जीप अशीच, आणि 1940च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने भारतात जोडायला घेतलेल्या जीपही अशाच. त्यांचा सगळा भार चासी पेलते. छत असलं काय, नसलं काय, ताकदीत मोठा फरक पडत नाही. दुसरी तऱ्हा मोनोकॉकची. तिच्यात वेगळी चासी नसते. पत्र्याची जमीन, दाराखालच्या पोकळ तुळया, खांब आणि छत हे सगळं एकत्र जोडून गाडीचं कवच होतं आणि ते कवचच भार घेतं. आपली अँबेसेडर अशी, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेली पद्मिनी अशी, कॉन्टेसाही अशीच. बुटाच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं हातात पिळवटतं, तसं मोनोकॉक गाडीचं छत कापलं की तिची पिळाला दाद न देण्याची ताकदच जाते. कारखान्याने मोनोकॉक कन्व्हर्टिबल बनवली, तर तो दाराखालच्या तुळया जाड करतो, जमिनीखाली आडवे आधार देतो, डॅशबोर्डच्या आत जास्तीच्या पट्ट्या टाकतो. गल्लीतल्या गॅरेजात कटर चालवणारा बहुधा यातलं काहीच करत नाही.

या दोन तऱ्हांच्या मधोमध एक फार रंजक गाडी आहे आणि भारतात उघडी गाडी शोधणाऱ्याला ती हमखास भेटते. ती म्हणजे हेराल्ड. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फने 1959मध्ये ट्रायम्फ हेराल्ड बाजारात आणली. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने तिचा आकार काढला होता. त्या काळात बाकीच्या कंपन्या मोनोकॉककडे वळत होत्या, पण स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीच्या ताब्यात गेला. मग त्यांनी वेगळी चासी ठेवली आणि बॉडीचे भाग निरनिराळ्या ठिकाणी करून बोल्टने जोडायचं ठरवलं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने 1961पासून हीच गाडी 'स्टँडर्ड हेराल्ड' या नावाने 948 सीसी इंजिनासह बनवली. पुढे चार दारांची हेराल्ड आणि 'कम्पॅनियन' नावाची स्टेशन वॅगन खास भारतासाठी निघाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेराल्डची जागा 'गॅझेल'ने घेतली.

हेराल्डचं छत बोल्टवर बसतं, त्यामुळे ते उतरवून गाडी 'कन्व्हर्टिबल' म्हणून विकणं सोपं जातं. खाली चासी असल्याने अशी हेराल्ड अँबेसेडरसारखी कंबरेत खचत नाही, हे खरं. पण ती मूळ कन्व्हर्टिबल नव्हे, आणि मूळच्या भावाने ती घेऊ नये. ब्रिटनमध्ये बनलेल्या हेराल्डच्या बाबतीत खूण सोपी आहे. तिच्या कारखान्याच्या पट्टीवरच्या कमिशन नंबरच्या शेवटी कन्व्हर्टिबल असेल तर 'सीव्ही' ही अक्षरं असतात, बंद सलून असेल तर 'डीएल'. आयात केलेली म्हणून सांगितलेल्या लाल उघड्या हेराल्डच्या पट्टीवर 'डीएल' दिसलं, तर छताची कहाणी वेगळी आहे हे लगेच कळतं. भारतात बनलेल्या गाडीला हा नियम लावू नये. तिथे हुडाचा सांगाडा, काचेच्या चौकटीची वरची कड, मागच्या बाजूचे जुने बोल्ट आणि त्यांची भोकं पाहूनच अंदाज बांधावा लागतो.

छत कापलेल्या गाडीला कायद्याची अडचणही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कारखान्याने दिलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका पुन्हा स्पष्ट केली. शिवाय जुलै 2021मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. अशा गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षांची. आधीपासून नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या कामाला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच ती बाहेर येते. रविवारी सकाळी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत चक्कर मारायची हौस असेल, तर हा फरक गाडी घेण्याआधीच समजून घ्यायला हवा. आणि छत कापलेली गाडी या चौकटीत बसवायला निघालात, तर तिथेच अडकाल.

बांधा खचला आहे का, हे फोटोवरूनही बरंचसं कळतं, फक्त फोटो योग्य मागावा लागतो. गाडी सपाट जागेवर उभी करून बाजूने, दाराच्या उंचीवर कॅमेरा धरून घेतलेला. दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. गाडी मधे खचली असेल, तर दाराच्या पुढचा आणि मागचा खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. मग फट वर चिंचोळी होते आणि खाली रुंदावते. यानंतर व्हिडिओ मागावा. रिकाम्या गाडीत दोन्ही दारं उघडून लावावीत, मग पुढे दोन माणसं बसवून पुन्हा उघडून लावावीत. माणसं बसल्यावर दार घासायला लागलं किंवा लावताना वर उचलावं लागलं, तर मोनोकॉक गाडीच्या बाबतीत मी पुढचं बोलणंच थांबवीन.

आता चासी नंबर. आपल्याकडे पासिंगच्या वेळी आरटीओला चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. हीच युक्ती दुरून खरेदी करणाऱ्याच्या कामाची आहे. विक्रेत्याला सांगावं, नंबरवर पातळ कागद दाबून धरा, पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा आणि तो कागद आरसीशेजारी ठेवून फोटो पाठवा. करड्या शिशात अंक पांढरे उमटतात. कारखान्याने ठोकलेले अंक एका ओळीत, साधारण सारख्या खोलीचे असतात. नंतर कुणी हाताने ठोकले असतील, तर एखादा अंक तिरका येतो, एखादा खोल जातो, आणि कागदावर आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा उमटतात. काही गाड्यांत नंबर फक्त पट्टीवर असतो. तिथे पट्टीचे रिव्हेट बघावेत. साठ वर्षांच्या गाडीवर चकचकीत नवे रिव्हेट असतील, तर कारण विचारायलाच हवं. 'आता लायटिंग नाही, उद्या पाठवतो' असं दोन-तीनदा झालं, तर ते उत्तरच समजावं.

पत्र्याच्या बाबतीत पिंजौरची गाडी मुंबई-अलिबागच्या गाडीपेक्षा बरी निघण्याची शक्यता असते, कारण इथे समुद्राची खारी हवा नाही. पण शिवालिकच्या पायथ्याला पावसाळा चांगला जोराचा असतो, आणि हूड गळकं असलं की पाणी आत येऊन जमिनीवर साचतं. उघडी गाडी गंजते ती बहुधा आतून. म्हणून पायाखालचा गालिचा उचलून खालच्या पत्र्याचा फोटो मागावा. दाराखालच्या सिलच्या तळाशी पाणी निघून जायला छोटी भोकं असतात. ती रंगाने किंवा लांबीने बुजली असतील, तर आत काय चाललंय याची कल्पना करता येते. आपला माणूस तिथे जाणार असेल, तर त्याच्याकडे फ्रिजवर लावायचं साधं चुंबक द्यावं. चुंबक पत्र्याला पकडतं, लांबीला पकडत नाही. चाकांच्या कमानी, सिलची खालची कड, हेडलाइटच्या भोवतीचा भाग, या जागी ते ठेवून पाहावं. चुंबक घसरलं, तर तिथे पत्र्याऐवजी लांबीचा थर आहे.

हेराल्ड असेल तर आणखी एक जागा आहे, आणि ती पाहिल्याशिवाय मी कुणालाच हेराल्ड घ्यायला सांगणार नाही. पुढच्या चाकाचा उभा खांब खालच्या टोकाला आट्यांनी एका पितळी भागात फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात ग्रीस नव्हे, ईपी-90 गिअर ऑइल घालायचं असतं. आपल्याकडे गॅरेजात ग्रीस गन हाताशी असते, म्हणून ग्रीसच मारलं जातं. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत नीट पोहोचत नाही, पाणी शिरतं, पोलाद गंजतं आणि एक दिवस खांब तुटून चाक आत दुमडतं. बहुतेक वेळा हे कमी वेगात, चाक पूर्ण वळवलेलं असताना घडतं, पण घाटात घडलं तर काय होईल हे सांगायला नको. विक्रेत्याला सहज विचारावं, 'ट्रनियनला काय घालता?' त्याने 'ऑइल' म्हटलं, तर तो गाडी सांभाळणारा माणूस आहे.

हुडाचं कापड, रेक्झिनचं असो वा कॅनव्हासचं, कुठलाही चांगला कुशनवाला शिवून देतो. पारदर्शक मागची खिडकी पिवळी पडली असेल, तर तीही बदलता येते. अडचण सांगाड्याची असते. दुमडणाऱ्या कमानी, बिजागऱ्या, काचेच्या चौकटीला अडकणाऱ्या कड्या, यातला एखादा भाग हरवला, तर तो मिळवायला दिल्लीच्या काश्मिरी गेटपासून चंदीगडच्या मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटपर्यंत भटकावं लागतं आणि शेवटी लेथवर करूनच घ्यावा लागतो. तसं लेथचं काम या भागाला परकं नाही. पिंजौरला एचएमटीचा मशीन टूल्सचा कारखाना साठच्या दशकात उभा राहिला. झेटर कंपनीच्या सहकार्याने इथे ट्रॅक्टर बनू लागले आणि 2016मध्ये सरकारने ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. अशा गावात सुटा भाग घडवणारा जुना हात सापडू शकतो, पण त्याची मजुरी किमतीत धरावी लागते. त्यामुळे हूड पूर्ण लावलेलं, अर्धं दुमडलेलं आणि पूर्ण खाली केलेलं असे तीन फोटो मागावेत. फक्त 'खाली केलेलं' एवढाच फोटो असेल, तर आत सांगाडा आहे की नुसतं कव्हर, हे कळायला मार्ग नाही.

इंजिनचं लवकर उरकतो. थंड इंजिन सुरू करताना व्हिडिओ हवा, गरम केलेलं नको. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलेंडरमध्ये शिरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. टायरच्या बाजूला चार आकडी मजकूर असतो. 2315 म्हणजे 2015 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली, तरी रबर म्हातारं असू शकतं.

कागदांसाठी वेळ मोकळा ठेवावा. वाहन पोर्टलवर किंवा एम-परिवहनवर नंबर टाकून पाहावा. फार जुन्या गाड्यांची नोंद कित्येकदा संगणकावर चढलेलीच नसते. तेव्हा मूळ आरसी बुक दाखवून कार्यालयात बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. हे काम विक्रेत्याच्या नावावर, विक्रीआधी व्हायला हवं. नातू गाडी विकतोय आणि आरसी आजोबांच्या नावावर आहे, हे जुन्या गाड्यांत नेहमीचं. आजोबा वारले असतील, तर आधी फॉर्म 31 भरून वारसाच्या नावावर गाडी करावी लागते, तरच पुढचा सौदा कायदेशीर होतो. त्यानंतर फॉर्म 29 आणि 30, आणि राज्याबाहेर न्यायची म्हणून फॉर्म 28 वर एनओसी. कर्जाचा बोजा आरसीवर असेल, तर तो उतरवायचा फॉर्म 35 सुद्धा. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांहून जास्त राहिली, तर तिथला नवीन नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. म्हणजे जुन्या, मोजक्या अक्षरांच्या देखण्या नंबरासाठी कुणी जास्त किंमत सांगत असेल, तर तो नंबर महाराष्ट्रात टिकेल का, हे आपल्या आरटीओला आधी विचारावं. दिल्लीची गाडी पिंजौरला आणून विकली जात असेल, तर आणखी दक्ष राहावं. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात पंधरा वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर 2015पासून निर्बंध आले आणि न्यायालयाचे आदेश वेळोवेळी बदलत गेले. हरियाणाचे चौदा जिल्हे त्या क्षेत्रात येतात, पंचकुला येत नाही. अशा गाडीची सद्यस्थिती तिच्या मूळ कार्यालयातच विचारावी.

एवढ्या चाळणीतून गाडी निघाली, की मग तिकीट काढावं. पिंजौरला जाऊन गाडी चालवायला मिळते, हा या ठिकाणाचा मोठा फायदा. परवाणूपासून धरमपूरकडे रस्ता सलग चढत जातो. सपाट रस्त्यावर वीस मिनिटं छान चालणारी गाडी इथे खरी काय आहे ते सांगते. चढावर तापमानाचा काटा सतत वर सरकत राहिला, तर रेडिएटर किंवा पाण्याच्या वाटा तुंबल्या आहेत. उन्हात थांबवून पुन्हा सुरू करताना इंजिन खोकून बंद पडलं, तर पेट्रोल नळीतच वाफ होत असेल. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढावा. गिअर निसटून न्यूट्रलला आला, तर गिअरबॉक्सचं काम आहे. ड्रम ब्रेक सारखे दाबले की तापून मऊ पडतात, म्हणून ब्रेक एका बाजूला ओढतात का आणि पाय हळूहळू खोल जातो का, हे उतरतानाच कळतं. हूड उघडं ठेवून चढावं आणि हूड लावून उतरावं. लावल्यावर काचेच्या कडेने वाऱ्याची शिट्टी कुठून येते, तिथूनच पावसात पाणी आत येणार असतं.

सौदा ठरला, तर पैसे बँकेतून, विक्रेत्याच्या स्वतःच्या खात्यात, सही केलेले फॉर्म हातात आल्यावर द्यावेत. गाडी चालवत महाराष्ट्रात आणायचा मोह टाळावा. बंद कॅरिअर थोडा महाग पडतो, पण उघड्या कॅरिअरवर राजस्थानातून येताना वाऱ्याने हुडाची शिवण सुटते. गाडी चढवण्याआधी बॅटरीची एक वायर काढावी, चारही बाजूंनी आणि ओडोमीटरचे फोटो घ्यावेत, गाडीतल्या सुट्या वस्तूंची यादी ट्रान्सपोर्टच्या पावतीवर लिहून घ्यावी, आणि चासी नंबरचा तो पेन्सिल प्रिंट एनओसीच्या मूळ प्रतीबरोबर गाडीत न ठेवता आपल्याजवळ ठेवावा.